सासूबाईंपाशी बसले

माझ्या बाई मूळच्या स्वित्झर्लंडच्या, असं सांगितलं की आमच्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. ते डोंगर, तो बर्फ, ती स्वच्छता सोडून ही बाई लंडनला कशाला आली? जसे काही आम्ही सगळे उकिरड्यावरून उठून इथे आलो होतो. सुरुवातीला मी उत्तर द्यायचे, मग कंटाळले. उत्तर लांब होतं आणि विचारणाऱ्याला ते नकोच असायचं. त्याला स्वतःच्या कोच टूरचे फोटो दाखवायचे असायचे.

बाई म्हणजे माझ्या साहेब. लंडनमधल्या एका कॉलेजात त्या अर्थशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांची रिसर्च असिस्टंट. डिपार्टमेंटमध्ये सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत, काल आलेले विद्यार्थीसुद्धा. माझ्या जिभेला ते काही वळेना. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठ्या बाईला नुसतं नावाने कसं हाक मारायचं? आडनाव लावून मारावी तर लोक हसायचे. म्हणून मी त्यांना कधी हाकच मारली नाही. दारावर टकटक करायचे, घसा खाकरायचे, 'एक्स्क्यूज मी'ने सुरुवात करायचे. एकदा त्यांनी सरळच विचारलं, "घरी माझ्याबद्दल बोलताना तू काय म्हणतेस?" मी म्हटलं, "बाई." शाळेत शिकवणाऱ्या बाईंना आमच्याकडे असंच म्हणतात, हेही सांगितलं. त्यांना ते आवडलं असावं, कारण पुढे माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली की खाली सहीऐवजी त्या नुसतं 'बाई' लिहायच्या, इंग्रजी अक्षरांत.

मी सत्तरच्या दशकाच्या शेवटी लग्न होऊन वॉटफर्डला आले. नवरा हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. माझ्याकडे पुण्याचं अर्थशास्त्रातलं एम.ए. होतं आणि इथे त्याचा उपयोग शून्य. मुलगी शाळेत जाईपर्यंत मी घरी होते, मग हायस्ट्रीटवरच्या एका दुकानात वाढदिवसाची कार्डं विकत होते. लायब्ररीच्या फळ्यावर जाहिरात दिसली, मराठी लिहिता-वाचता येणारी, अर्थशास्त्र शिकलेली व्यक्ती हवी. मी ती तीनदा वाचली. असली व्यक्ती हवी असलेलं कोणी या देशात असेल हे मला खरंच वाटेना.

मुलाखतीला बाई वीस मिनिटं उशिरा आल्या. स्विस माणूस म्हणजे घड्याळ, असा त्या डिपार्टमेंटमधला जुना विनोद होता, आणि त्याच बाई रोज उशिरा यायच्या. उंच, खांदे थोडे पुढे वाकलेले, कोटाचं एक बटण कायम तुटलेलं. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "काल दिवसभर काय केलंस?" मी म्हटलं, "विशेष काही नाही, घरीच होते." त्यावर त्या हसल्या नाहीत. पेन्सिल उचलून म्हणाल्या, "ते विशेष काही नाही मला दर पंधरा मिनिटांचं सांग. उठलीस तिथून सुरू कर." मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. पाऊण तास झाला तरी मी दुपारच्या जेवणापर्यंत पोचले नव्हते. नोकरी मला मिळाली, पण एका वर्षाच्या कराराने. पुढे दर उन्हाळ्यात तो करार वाढेल की नाही या काळजीत मी जून घालवायचे.

बाईंचं सगळं आयुष्य या एका प्रश्नात गेलं होतं: घरात बसलेली बाई दिवसभर करते काय, आणि देशाच्या अर्थशास्त्रात ते कुठे दिसत का नाही. हे त्यांना पुस्तकात सापडलं नव्हतं. त्यांच्या गावी, त्यांच्या बिल्डिंगच्या तळघरात धुण्याची एकच खोली होती आणि भिंतीवर पाळ्यांचा तक्ता. महिन्यातून एकदा त्यांच्या आईचा नंबर लागायचा, तेव्हा खोलीची किल्ली मिळायची. त्या दोन दिवसांत सहा माणसांचे महिन्याचे कपडे, चादरी सगळं उकळून, पिळून, वाळवून व्हायलाच हवं, नाहीतर पुढच्या बिऱ्हाडाची बाई दार वाजवायची. पोस्टमन असलेल्या वडिलांचं काम सरकारी वहीत नोंदलेलं होतं. आईच्या नावापुढे मात्र जनगणनेवाल्याने 'काम नाही' असं लिहिलं. तेव्हा बाई दहा वर्षांच्या होत्या. आई शेजारी हात पुसत उभी होती, एवढं त्यांना आठवत होतं.

पन्नासच्या दशकात त्या इंग्लंडला एका कुटुंबाची मुलं सांभाळायला आल्या. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन परीक्षा दिल्या, मग डिग्री, मग डॉक्टरेट, मग ही नोकरी. लग्न केलं नाही. इथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा चाळिशीला टेकल्या होत्या. एका चर्चच्या हॉलमध्ये कौन्सिलच्या निवडणुकीत त्यांनी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. तिकडे त्यांच्या देशात बायकांना तोवर देशाच्या निवडणुकीत मतच नव्हतं. त्यांच्या आईने पहिल्यांदा मत दिलं तेव्हा ती सत्तरीकडे झुकली होती, आणि रविवारचा कोट घालून गेली होती. हे सांगताना बाईंचा आवाज बदलायचा, आणि मी सँडविच खाता खाता थांबायचे.

नोकरीत मात्र त्या अडकल्या. प्रोफेसर व्हायचा अर्ज त्यांनी दोनदा केला आणि दोन्हीदा तो परत आला. पहिल्यांदा सांगितलं, त्यांचा विषय म्हणजे समाजकार्य, अर्थशास्त्र नव्हे. दुसऱ्यांदा, विद्यार्थ्यांना त्यांचे उच्चार कळत नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघं तोवर प्रोफेसर झाले होते. बाई त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. फक्त स्टाफरूममध्ये चहा प्यायला जायचं त्यांनी बंद केलं आणि किटली आपल्या खोलीत आणून ठेवली. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली असताना त्यांनी तिसरा अर्ज करायचं ठरवलं, आणि हा शेवटचा, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

त्या अर्जाचा सगळा भार आमच्या डायऱ्यांवर होता. बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेल्या घरांतल्या बायकांना आम्ही छापील वह्या दिल्या होत्या. आठवडाभर, दर पंधरा मिनिटांनी काय केलं ते आपल्या भाषेत लिहायचं. गुजराती आणि पंजाबी वह्या दुसऱ्या कोणी पाहिल्या, मराठी माझ्याकडे. वॉटफर्ड, स्लाऊ, थेट ग्लासगोहूनही वह्या पोस्टाने आल्या. मी त्यांचं इंग्रजी करायचे. मग आमच्या ऑफिसातली एक आयरिश बाई प्रत्येक ओळीला तिचा आकडा द्यायची: स्वयंपाकाला एक, सफाईला एक, आजाऱ्याची सेवा, मुलं, विश्रांती, गप्पा आणि भेटीगाठी, असे. ते मी परत एकदा तपासायचे. रोज वॉटफर्डहून लंडनच्या युस्टन स्टेशनला जा-ये, वर घरचा स्वयंपाक, आणि शनिवार-रविवारी या वह्या. डोळे चुरचुरायचे.

निकाल आला तो सगळ्यांना चकित करणारा. मराठी बायकांना इतरांपेक्षा पुष्कळ मोकळा वेळ मिळत होता. बाईंनी दोनदा विचारलं, "हे बरोबर आहे ना?" आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, "आमच्याकडे बायका शिकलेल्या असतात. नवरे डॉक्टर, इंजिनियर. घरात जरा मोकळीक असते." हे बोलताना माझी मान किती ताठ झाली होती ते मला आजही आठवतं. शेजारच्या गुजराती बायकांपेक्षा आपण दोन बोटं वर, हा अस्सल पुणेरी माज. त्या माजापायीच पुढचं सगळं झालं.

बाईंनी त्यावर लेख लिहिला. बायको शिकली की तिच्या वाट्याला वेळ येतो, असा त्याचा गाभा होता आणि आमच्या मराठी वह्या हाच पुरावा. तो एका मोठ्या जर्नलने घेतला. परीक्षकांनी स्तुती केली. ज्यांनी बाईंच्या विषयाला समाजकार्य म्हटलं होतं ते कॉरिडॉरमध्ये थांबून बोलू लागले. अर्जासोबत तोच लेख कमिटीकडे गेला. आणि त्याच वसंतात डिपार्टमेंटमध्ये एक कायमची जागा निघाली. बाईंनी माझं नाव दिलं. त्यांच्या शिफारशीची प्रत त्यांनी मला वाचायला दिली होती. त्यात होतं की ही बाई एका शब्दाचीही चूक करत नाही.

एका शनिवारी मी स्लाऊला गेले. तिथल्या एका काकूंची वही आमच्याकडच्या सगळ्यांत नीट लिहिलेल्या वह्यांपैकी होती, आणि बाईंना त्यांना आणखी थोडे प्रश्न विचारायचे होते. काकूंचा नवरा तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या वेअरहाऊसमध्ये कामाला. दोन खोल्या खाली, दोन वर, आणि खालच्या पुढच्या खोलीत सासूबाईंचा पलंग. त्यांना अर्धांगवायू झालेला होता. काकूंनी चहा टाकला, कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही चहा घ्या निवांत, मी जरा सासूबाईंपाशी बसते."

मी बरोबर आणलेली त्यांच्या वहीची झेरॉक्स उघडून बसले. मग पुढच्या खोलीतून आवाज येऊ लागले म्हणून दारात जाऊन उभी राहिले. काकूंनी सासूबाईंना कुशीवर वळवलं, पाठ पुसली, पावडर लावली. खालची चादर ओली होती ती काढली, दुसरी घातली. म्हातारीचं वजन काकूंच्या दुप्पट असेल. पुन्हा वळवलं. पेज आणली, चमच्या-चमच्याने भरवली, अर्धी बाहेर आली ती टिपून घेतली. ओली चादर बाथटबमध्ये टाकून आल्या तोवर सासूबाई परत हाका मारायला लागल्या. तास-दीड तास मी तिथे उभी होते. तेवढ्या वेळात काकू एकदाही बसल्या नाहीत.

मी विचारलं, "हे तुम्ही वहीत कसं लिहिलं होतं हो?"

"कसं म्हणजे? सासूबाईंपाशी बसले, असं. रोज दुपारी तेच तर असतं."

"पण हे सगळं नाही लिहिलंत?"

काकूंनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "अहो, मूत काढलं, घाण काढली असं लिहू का? कॉलेजातल्या मोठमोठ्या बायका वाचणार म्हणालात. काहीतरीच तुमचं."

मी वहीतलं ते पान काढलं. दोन ते पाच, सासूबाईंपाशी बसले. त्याखाली माझ्या अक्षरात इंग्रजी: सॅट विथ मदर-इन-लॉ. आणि समासात आयरिश बाईचा आकडा, गप्पा आणि भेटीगाठींचा. त्यापुढे माझी तपासल्याची खूण. ती मी स्वतः केली होती, न अडखळता. चहा तसाच राहिला. काकूंनी दोनदा विचारलं, बरं नाही का, म्हणून. मी काहीतरी पुटपुटून निघाले.

ट्रेनमध्ये बसल्यावर एकेक वही आठवायला लागली. सगळीकडे बसले, बसले, बसले. दम्याच्या मुलाला घेऊन बसले. फोनपाशी बसले, हे ग्लासगोच्या एका डॉक्टरच्या बायकोचं. नवरा व्हिजिटला गेला की त्याच्या पेशंटचे फोन तीच घ्यायची, निरोप लिहायची, कोणाला लगेच हॉस्पिटलात पाठवायचं ते तीच ठरवायची, बिनपगारी. ते आम्ही विश्रांतीत टाकलं होतं. आमच्यात बसले म्हणजे बसले नव्हे, हे मला, मराठी आईच्या पोटी जन्मलेल्या बाईला, ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? मी स्वतः दिवसातून दहादा तसंच बोलते. पण इंग्रजी करताना मी नुसता शब्द उचलला आणि पुढच्या ओळीवर गेले. दमले होते, घाईत होते, आणि खरं सांगायचं तर आलेला आकडा मला आवडला होता.

सोमवारी बाईंना सांगायचं, हे उघडच होतं. लेख अजून छापून यायचा होता, कमिटी बसायची होती. त्या दिवशी सांगितलं असतं तर बाई तो लेख गुपचूप मागे घेऊन अर्जात दुसरं काही घालू शकल्या असत्या. मी घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो दोन शिफ्ट करून आला होता, बूट काढता काढता म्हणाला, "आधी तुझं नोकरीचं पत्र येऊ दे." बस्स, एवढंच. तो वाईट माणूस नाही, त्याने स्वतः सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या करत अख्खा देश पालथा घातला होता. आणि मला त्याच्याकडून हेच ऐकायचं होतं.

मी अकरा दिवस गप्प बसले. रोज बाईंच्या खोलीत गेले, किटलीतला चहा घेतला, त्यांच्या टेबलावर लेखाची प्रुफं पडलेली पाहिली. त्या प्रुफं तपासत नव्हत्या, नुसती पुढे ठेवून खिडकीबाहेर बघत असायच्या, हे मला तेव्हा थोडं विचित्र वाटलं होतं. मी स्वतःला समजावत होते की उद्या सांगू, परवा सांगू. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी माझ्या खणात पत्र आलं, नोकरी कायम झाल्याचं. मी ते टॉयलेटमध्ये जाऊन वाचलं. दुपारी बाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. फक्त कधी कळलं ते सांगितलं नाही. आत्ताच लक्षात आलं, असं भासवलं.

बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर विचारलं, "तुझं पत्र आलं का?"

मी म्हटलं, "हो, आज सकाळी."

"छान," त्या म्हणाल्या. मला वाटलं, यांनी माझी चोरी पकडली. तोंडात मारल्यासारखं झालं. पण त्या उठल्या, कपाटातून मराठी वह्यांचे खोके काढू लागल्या, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही खाली जमिनीवर बसून एकेक बसले शोधत होतो. जायच्या आधी त्यांनी दोन पत्रं टाइप केली, एक जर्नलला, एक कमिटीला. लेख चुकीचा आहे, चूक माझी आहे. माझी म्हणजे त्यांची. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. मी म्हटलं, हे बरोबर नाही. त्या म्हणाल्या, "लेखावर कोणाचं नाव आहे?"

पुढचं लवकर आटपलं. विभागप्रमुख त्यांच्या खोलीत येऊन दार लावून पंधरा मिनिटं बोलून गेले. कमिटीचं म्हणणं पडलं की अर्ज जाऊन इतके दिवस झाल्यावर, बैठक तोंडावर आली असताना पुराव्याचा पायाच चुकलेला निघतो, याला काळजीपूर्वक काम म्हणता येत नाही. आधी कळवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. हे शेवटचं वाक्य बाईंनी मला सांगितलं तेव्हा त्या सफरचंद कापत होत्या. मला तिथे उभं राहवेना.

तो उन्हाळा आम्ही वह्या नव्याने मोजण्यात घालवला. मी बायकांना फोन करायचे आणि विचारायचे, तुम्ही बसलात म्हणजे काय केलंत? काही हसायच्या, काही चिडायच्या, एकजण फोनवरच रडायला लागली आणि मग अर्धा तास बोलत राहिली. नवीन निकाल साधा होता. आमच्या शिकलेल्या बायकांना कोणापेक्षाही जास्त वेळ नव्हता. तो एका लहानशा नियतकालिकात छापून आला आणि कोणी वाचला नाही. दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या, होत्या त्याच हुद्द्यावरून. निरोपाच्या चहाला विभागप्रमुखांनी त्यांच्या किटलीवर विनोद केला. लोक हसले, बाईही हसल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मी एका रविवारी डब्यात पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी घेऊन त्यांच्याकडे गेले. उत्तर लंडनमध्ये तळमजल्यावरचा छोटा फ्लॅट, गरम पाण्याचे पाइप खडखडणारे. त्यांना काठी घेऊन चालताना पाहिलं आणि माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचंय. ती चूक मला अकरा दिवस आधीच कळली होती."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, अगदी सहज.

मला वाटलं, माझं बोलणं त्यांना नीट कळलं नाही. मी परत सांगितलं, शनिवार, स्लाऊ, सगळं.

"त्या सोमवारी सकाळी स्लाऊच्या बाईंचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "मी कधी नव्हे ती वेळेवर आले होते, तू तेव्हा ट्रेनमध्ये असशील. त्यांचं इंग्रजी थोडंच. युवर गर्ल, टी नॉट ड्रिंकिंग, फेस व्हाइट. घरी नीट पोचलीस ना, हे त्यांना विचारायचं होतं. मी विचारलं, काय झालं होतं? तर म्हणाल्या, वहीतलं एक पान बघितलं आणि उठून गेली. मी त्यांची वही काढली. त्यांनाच विचारलं, तुम्ही बसता म्हणजे काय करता? दुपारपर्यंत मला सगळं कळलं होतं."

मी विचारलं, "मग तुम्ही त्याच दिवशी का नाही कळवलंत कमिटीला? वेळ होता की."

"तुझं पत्र आलं नव्हतं." त्या तितक्याच सरळपणे म्हणाल्या. "शब्दांत चूक करत नाही, असं मीच लिहून दिलं होतं. त्या आठवड्यात चूक बाहेर आली असती तर ती जागा तुला कोणी दिली असती? मला प्रोफेसर म्हणून दोन वर्षं मिळाली असती. तुझ्यापुढे पंचवीस होती."

मला राग आला. कृतज्ञता वगैरे नंतर, आधी रागच आला. मी म्हटलं, "आणि इतकी वर्षं मला तसंच जळू दिलंत?"

"सांगितलं असतं तर तू नोकरी सोडली असतीस," त्या म्हणाल्या. "आणखी भाजी आहे का?"

मी भाजी वाढली. त्यांना जेवायला घालून, भांडी विसळून मी निघाले. स्टेशनवर बाकावर बसून रडले, दोन गाड्या जाऊ दिल्या.

आता मी त्या कॉलेजात कायम आहे आणि मला तिथे जायचा वीट आला आहे. बाईंचा विषय बंद झाला, त्यांच्या खोलीत शेअरबाजारवाले बसतात, मी त्यांचे तक्ते तपासते. सकाळची गाडी रोज रद्द होते, गुडघे दुखतात, मुलगी म्हणते, मम्मी, सोड ना तो जॉब. राजीनामा मी दोनदा लिहिला. दोन्ही वेळा सही करायला घेतली आणि हात चालेना. बाई दर रविवारी फोन करतात आणि विचारतात, काम कसं चाललंय? मी सांगते, छान चाललंय, मन रमतं. त्या पलीकडून "गुड, गुड" म्हणतात, इतक्या समाधानाने म्हणतात, की सोमवारी सकाळी मी पुन्हा डबा भरते आणि स्टेशनला जाते.